कमरेला बांधायचा सेन्सर उडी किती खरी मोजतो?

सर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमच्या गावातून पुण्याला नोकरीला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी कमरेला बांधायचे दोन सेन्सर पाठवले. दहावीतल्या एका मुलीची उडी तुम्ही भिंतीवर खडूची खूण करून मोजली, ती ४८ सेंटिमीटर भरली. तीच मुलगी कमरेवर हात ठेवून जागच्या जागी उडाली तेव्हा सेन्सरने ३६ दाखवले आणि सामन्यात स्मॅश मारताना त्याच सेन्सरने ५१ दाखवले. यातला खरा आकडा कोणता, आणि जिल्हा स्पर्धेसाठी मुली निवडताना या यंत्राचा आधार घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर असे की ४८ आणि ३६ हे दोन्ही आकडे बहुतेक बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ५१ मध्ये काही भाग मुलीचा आहे आणि काही भाग यंत्राचा, आणि त्या एका आकड्यावरून दोन्हींची वाटणी करता येत नाही. यंत्र उपयोगाचे आहे, पण ज्या कामासाठी तुम्ही ते वापरू पाहता आहात त्या कामासाठी नाही. मी अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकलो, पुढे काही वर्षे फोर्स प्लेट (उडीचा जमिनीवरचा जोर नोंदवणारी तबकडी) असलेल्या प्रयोगशाळेत खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि आता यवतमाळ-वाशीम भागातल्या शाळांच्या मैदानांवर तेच काम टेप, खडू आणि मोबाईल घेऊन करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे अनुभव माझ्या गाठीशी आहेत.

सुरुवात 'उडीची उंची' म्हणजे नेमके काय इथूनच करावी लागते, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसून व्याख्येच्या असतात. भिंत आणि खडूची पद्धत ज्या उभ्या उडीच्या चाचणीतून आली ती शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतले शारीरिक शिक्षणाचे डॉक्टर डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये ती मांडली, म्हणून तिला आजही सार्जंट उडी म्हणतात. खडूच्या पद्धतीत पहिली खूण खेळाडूच्या टाचा जमिनीला टेकलेल्या असताना होते. परंतु उडी मारताना पाय जमिनीवरून सुटण्याआधीच टाचा वर उचललेल्या असतात, खेळाडू चवड्यांवर पूर्ण ताणलेला असतो आणि त्याचे शरीर तेवढे वर गेलेले असते. ही उंची पायाच्या लांबीप्रमाणे साधारण ८ ते १२ सेंटिमीटर भरते. खडूच्या मापात ती धरली जाते. फोर्स प्लेट, पायांचा स्पर्श ओळखणारी बोस्को मॅट आणि बहुतेक सेन्सर मात्र पाय सुटल्यानंतर शरीर किती वर गेले तेवढेच सांगतात, म्हणजे त्यांच्या मापात ती येत नाही.

हे तुम्हाला पाच मिनिटांत पडताळता येईल. मुलीला भिंतीशी उभी करा, टाचा टेकवून हात वर करायला लावा आणि एक खूण करा. मग तिला चवड्यांवर जितके उंच होता येईल तितके होऊ द्या आणि दुसरी खूण करा. समजा दोन खुणांमध्ये ९ सेंटिमीटर अंतर आले. ४८ मधून ९ गेले की ३९ उरतात. आता ३९ आणि ३६ यांच्यातला ३ सेंटिमीटरचा फरक हातांच्या झोक्याचा आहे, कारण खडूच्या उडीत तिने हात झोकले आणि सेन्सरच्या उडीत ते कमरेवर होते. हातांच्या झोक्याने उडी साधारण दहाव्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त वाढते. म्हणजे ज्या दोन आकड्यांचे भांडण तुम्हाला दिसत होते ते मुळात भांडण नव्हतेच.

खडूच्या पद्धतीची एक खोड मात्र सांगून ठेवतो, कारण ती मुले आपल्याआधी ओळखतात. पहिली खूण करताना खांदा पूर्ण वर न ताणता किंचित खाली ठेवला की सुरुवातीची खूण खाली पडते आणि उडी फुकटात ४-५ सेंटिमीटर वाढते. आमच्याकडे याला 'खांदा चोरणे' म्हणतात. मी पहिली खूण करताना मुलीच्या कोपराला मागून हलकेच वर रेटतो, दंड कानाला लागला का पाहतो आणि मगच खडू टेकवू देतो. याच्या उलट चूकही होते: उडीच्या अगदी टोकाला असताना बोट भिंतीला लागले नाही, क्षणभर आधी किंवा नंतर लागले, तर माप कमी भरते. भिंतीला घाबरून लांबून उडणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे नेहमी घडते.

आता हवेतल्या वेळेची पद्धत पाहू, कारण बहुतेक स्वस्त यंत्रांच्या पोटात तीच असते. इटलीचे कार्मेलो बोस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये स्पर्श ओळखणाऱ्या मॅटवर उड्या मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तर्क साधा आहे: वर जायला जितका वेळ लागतो तितकाच खाली यायला लागतो, म्हणून हवेतला एकूण वेळ कळला की उंची काढता येते. वेळेचा वर्ग करायचा, त्याला ९.८१ ने गुणायचे आणि ८ ने भागायचे. उत्तर मीटरमध्ये येते. ०.५ सेकंद हवेत राहिलेल्या खेळाडूची उडी ३०.७ सेंटिमीटर आणि ०.६ सेकंद राहिलेल्याची ४४.१ सेंटिमीटर. तुमच्या मुलीची ३६ सेंटिमीटरची उडी म्हणजे जेमतेम ०.५४ सेकंद. या पट्ट्यात वेळ मोजताना सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर उंचीत सव्वा सेंटिमीटरहून थोडी जास्त चूक होते. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागेल. गुरुत्वाकर्षणाचा आकडा विदर्भात ९.८१ नसून ९.७९ च्या आसपास आहे आणि त्यावर वाद घालणारे हौशी लोकही मला भेटले आहेत. ३६ सेंटिमीटरच्या उडीत त्याने एक मिलिमीटरसुद्धा फरक पडत नाही, तेव्हा तो विषय सोडून द्यावा.

या पद्धतीची खरी अडचण अशी की पाय सुटताना शरीर जसे होते तसेच ते जमिनीवर उतरताना असले पाहिजे. सुटताना गुडघे सरळ आणि चवडे ताणलेले असतात. उतरताना मुलीने गुडघे पोटाकडे घेतले, तर तिचे पाय जमिनीला उशिरा लागतात आणि यंत्राला वाटते की ती जास्त उंच गेली. हवेतला वेळ ०.५४ वरून ०.५६ झाला की उडी ३५.८ वरून ३८.५ होते, म्हणजे पाय आखडण्याच्या एका सवयीने पावणेतीन सेंटिमीटर 'वाढ' मिळते आणि ताकद तसूभरही वाढलेली नसते. मैदानाच्या उताराचाही असाच परिणाम होतो. सुटण्याच्या जागेपेक्षा उतरण्याची जागा २ सेंटिमीटर खोल असली, तर सुमारे १ सेंटिमीटर उडी जास्त दिसते. काळ्या मातीच्या मैदानावर उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्या डोळ्यांसमोर आणल्या, तर २ सेंटिमीटर ही काही मोठी गोष्ट नाही हे तुम्हाला सांगायला नको.

कमरेच्या सेन्सरकडे येऊ. त्याच्या आत अ‍ॅक्सिलरोमीटर असतो, जो त्वरण मोजतो, आणि बहुधा जायरोस्कोप असतो, जो वळण्याचा वेग मोजतो. अ‍ॅक्सिलरोमीटरचे वागणे समजून घ्यायचे असेल तर मोबाईलवर त्वरण दाखवणारे एखादे मोफत ॲप उघडा, मोबाईल टेबलावर ठेवा आणि नोंद सुरू करा. मोबाईल निश्चल असूनही आकडा ९.८ च्या जवळ दिसेल. मग घडी घातलेल्या गोधडीवर तो हातभर उंचीवरून सोडा आणि आलेख पाहा. पडत असताना आकडा जवळजवळ शून्यावर येतो आणि गोधडीला लागताच उसळी घेतो. हवेतल्या खेळाडूच्या कमरेवरच्या सेन्सरलाही हाच अनुभव येतो: पाय जमिनीवर असताना जोर, हवेत जवळजवळ शून्य, उतरताना उसळी. शून्याच्या त्या सपाट तुकड्याची लांबी म्हणजे हवेतला वेळ.

'जवळजवळ' शून्य असे मी म्हटले, कारण अडचण तिथेच आहे. मोबाईल हा एक घट्ट ठोकळा आहे आणि मुलगी तशी नाही. हवेत तिचे हात खाली येतात, कंबर वळते, पट्टा आणि त्याखालची त्वचा हलते, त्यामुळे तो तुकडा सपाट न राहता खडबडीत होतो आणि तो नेमका कुठे सुरू झाला व कुठे संपला हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. यंत्र सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर दोन नोंदींमधले अंतर सेकंदाचा शंभरावा भाग असते, म्हणजे वरच्या हिशेबाने एका नोंदीची चूक सव्वा सेंटिमीटरची झाली. आणि सुरुवात व शेवट अशा दोन ठिकाणी ती होऊ शकते. म्हणूनच असे यंत्र जेव्हा '३६.४' असा दशांशासकट आकडा दाखवते, तेव्हा त्या दशांशाकडे बघून मला हसू येते.

काही यंत्रे दुसऱ्या वाटेने जातात. ती वेळ न मोजता त्वरणाची बेरीज करत जाऊन पाय सुटण्याच्या क्षणीचा वेग काढतात आणि वेगावरून उंची काढतात. ३६ सेंटिमीटरच्या उडीला हा वेग सेकंदाला साधारण २.६६ मीटर असतो. कागदावर ही पद्धत सुंदर आहे, कारण उतरताना पाय आखडले तरी तिला फरक पडत नाही. पण उडीसाठी कंबर वाकवताना सेन्सरही तिरपा होतो, आणि तो किती तिरपा आहे हे त्याला स्वतःलाच ओळखायचे असते. जोर लावण्याच्या त्या ०.३ सेकंदांत त्याने केवळ १० अंशांचा तिरपेपणा ओळखला नाही, तर वेगात सेकंदाला सुमारे ०.०९ मीटर आणि उंचीत जवळजवळ अडीच सेंटिमीटर चूक होते. आणखी एक बारकावा असा की शरीराचा सर्वाधिक वेग पाय सुटण्याच्या क्षणी नसतो, त्याच्या किंचित आधी असतो. ताणत जाणाऱ्या पायांचा जोर शरीराच्या वजनाइतका खाली आला की त्यानंतर वेग घटू लागतो. यंत्र बनवणाऱ्याने सर्वाधिक वेगच धरला असेल, तर ते यंत्र सगळ्यांची उडी जास्त दाखवणार. त्वरणावरून वेग आणि वेगावरून थेट अंतर अशी दुहेरी बेरीज करणाऱ्या यंत्रांत तर लहान चूक फार लवकर फुगते: त्वरणात कायम ०.१ ची चूक असली, तर एका सेकंदात अंतर ५ सेंटिमीटरने चुकते.

हे सगळे एकीकडे आणि पट्टा सैल असणे एकीकडे. वाशीम जिल्ह्यातल्या एका मैदानावर मी एका मुलीच्या लागोपाठ तीन उड्या घेतल्या, आकडे आले ३८, ४६, ४१. मुलगी तीच, मैदान तेच, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. तिने पट्टा टी-शर्टवरून बांधला होता आणि ट्रॅकपँटचा नाडा त्याखाली फुगला होता. उडी मारली की सेन्सर आधी मागे राहायचा आणि मग झटक्याने वर यायचा. टी-शर्टच्या आत, माकडहाडाच्या चार बोटे वर सेन्सर ठेवून वरून ओढणी घट्ट बांधली आणि परत उड्या घेतल्या, तेव्हा ३७, ३८, ३८ आले. तेव्हापासून माझ्या पिशवीत रुंद इलास्टिकची पट्टी कायम असते. यंत्रासोबत येणारा पट्टा मोठ्या माणसांच्या मापाचा असतो आणि आपल्या नववी-दहावीच्या मुलींच्या कमरेवर तो शेवटच्या छिद्रातही सैल बसतो.

आता तुमचे ५१. स्मॅशच्या उडीत धावत येण्याचा वेग असतो आणि दोन्ही हातांचा पूर्ण झोका असतो, म्हणून ती जागच्या उडीपेक्षा खरोखरच उंच असते. ३६ च्या मुलीने स्मॅशला ४२-४३ मारली तर मला नवल वाटणार नाही. पण याच उडीत कंबर पुढून मागे आणि एका बाजूला वळते, पाय बहुधा एकामागून एक सुटतात, मुलगी पुढे सरकत उतरते आणि पुष्कळदा एकाच पायावर उतरते. वर सांगितलेली चुकीची प्रत्येक वाट इथे एकदमच उघडते. व्हॉलीबॉलमध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या कमरेच्या सेन्सरच्या ज्या तपासण्या प्रसिद्ध झाल्या आहेत, त्यांतही असे दिसले आहे की उड्यांची संख्या ही यंत्रे उत्तम मोजतात, उंची मात्र काही सेंटिमीटर जास्त दाखवण्याकडे त्यांचा कल असतो. मनगटावरच्या घड्याळांविषयी विचाराल तर उडीसाठी ती घेऊच नका, कारण हाताच्या झोक्यालाच ती उडी समजतात. पाठीवरच्या बनियनमधले जीपीएस धावण्याचे अंतर मोजायला चांगले आहे, उभ्या दिशेने ते फार ढोबळ असते.

यंत्राच्या खोक्यावर किंवा जाहिरातीत 'फोर्स प्लेटशी ०.९५ सहसंबंध' असे काही लिहिलेले असते, त्याने दिपून जाऊ नये. सहसंबंध म्हणजे एक माप वाढले की दुसरेही किती नेमाने वाढते ते सांगणारा आकडा. फोर्स प्लेट म्हणजे जमिनीवरचा जोर सेकंदाला १००० किंवा त्याहून जास्त वेळा नोंदवणारी तबकडी, आणि उडी मोजण्यात आजही तीच प्रमाण मानली जाते. पण सहसंबंध चांगला असणे म्हणजे माप जुळणे नव्हे. एखाद्या यंत्राने प्रत्येक मुलीची उडी बरोबर ६ सेंटिमीटर जास्त दाखवली, तर सहसंबंध पूर्ण १ येईल आणि तरी एकही आकडा खरा नसेल. गावातल्या वाण्याच्या काट्याखाली चुंबक लावलेले असले, तरी जड पोते जडच आणि हलके पोते हलकेच दिसते ना, तसे हे आहे. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवून दिले: दोन मापनपद्धतींची तुलना करायची तर प्रत्येक जोडीतला फरक काढा, फरकांची सरासरी पाहा आणि ते फरक किती विखुरलेले आहेत ते पाहा. सरासरी फरक वजा करून सुधारता येतो. विखुरलेपणा सुधारता येत नाही, म्हणून खरी किंमत त्यावर ठरते.

ही तपासणी फोर्स प्लेटवाचून तुमच्या शाळेत करता येते. त्यासाठी सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाईल हवा. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाकडे तो असतोच. २०१५ मध्ये स्पेनच्या कार्लोस बाल्सालोब्रे-फर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला १२० चित्रे घेणारा आयफोन वापरून फोर्स प्लेटशी अतिशय जवळचे आकडे मिळवून दाखवले आहेत, तेव्हा ही पद्धत गरिबाघरची असली तरी हलकी नाही. मोबाईल एका विटेवर, घोट्याच्या उंचीवर, मुलीपासून दीड-दोन मीटर अंतरावर आडवा ठेवा आणि फक्त पायांचे चित्रण करा. मग चित्रे एकेक करून पुढे सरकवा: चवडा जमिनीपासून सुटलेले पहिले चित्र आणि जमिनीला लागलेले पहिले चित्र, यांच्यामधली चित्रे मोजा. १२६ भरली, तर १२६ भागिले २४० म्हणजे ०.५२५ सेकंद, आणि उडी ३३.८ सेंटिमीटर. एक चित्र इकडे-तिकडे झाले तरी अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक पडतो. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रे असतात. तिथे एका चित्राच्या चुकीने ४ सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून ते चालणार नाही.

काही स्वस्त मोबाईल २४० चित्रे घेतल्याचा नुसता देखावा करतात, प्रत्यक्षात कमी घेतात. त्याचीही पारख आहे. भिंतीवर १ मीटर २२.६ सेंटिमीटरवर खूण करा, चेंडूचा तळ त्या खुणेला लावून तो सोडा आणि त्याचे चित्रण करा. चेंडू बरोबर अर्ध्या सेकंदात जमिनीला लागला पाहिजे, म्हणजे १२० चित्रे भरली पाहिजेत. ११९-१२१ आली तर मोबाईल विश्वासाचा आहे. सीझनचा जड चेंडू घ्या, प्लॅस्टिकचा हलका घेऊ नका.

मोबाईलची खात्री पटल्यावर दहा मुलींच्या प्रत्येकी तीन उड्या, सेन्सर बांधून आणि मोबाईल लावून एकाच वेळी घ्या. तीस जोड्या होतील. प्रत्येकीत सेन्सरच्या आकड्यातून मोबाईलचा आकडा वजा करा. समजा सरासरी फरक अधिक २ आला आणि फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्यांच्या विखुरलेपणाचे माप, २.५ आले. याचा अर्थ असा की तुमचा सेन्सर सरासरी २ सेंटिमीटर जास्त दाखवतो आणि एखाद्या एकट्या उडीच्या बाबतीत तो ३ सेंटिमीटर कमी ते ७ सेंटिमीटर जास्त, यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. असे यंत्र हातात घेऊन ३६ आणि ३८ उडी मारणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला वगळणे अन्यायाचे होईल. दोन्ही सेन्सर वेगवेगळे तपासा आणि प्रत्येक मुलीला कायम तोच सेन्सर द्या. मी त्यांच्यावर नेलपॉलिशने खुणा करतो.

महिन्याभराच्या सरावाने उडी वाढली का, हे पाहायला हाच सेन्सर बऱ्यापैकी उपयोगी पडतो, कारण तो नेहमी सारखाच चुकत असेल तर वजाबाकीत ती चूक निघून जाते. उरते ती दररोजची चढउतार. ती जाणण्यासाठी एका आठवड्यात दोन दिवस, मध्ये काही विशेष सराव न घेता, प्रत्येक मुलीच्या तीन उड्यांची सरासरी काढा. दोन दिवसांतल्या फरकांचे प्रमाण विचलन १.४१ ने भागा. समजा १.५ आले. त्याला २.७७ ने गुणले की ४.२ सेंटिमीटर होतात, आणि एखाद्या मुलीची सरासरी यापेक्षा जास्त बदलली तरच तो बदल खरा मानावा. १ सेंटिमीटरने वाढली म्हणून टाळ्या वाजवायला माझी हरकत नाही, पण वहीत 'वाढली' असे लिहू नका. सर्वांत उंच उडी न धरता सरासरी धरावी असे मी सुचवतो, कारण सर्वांत उंच आकड्यात यंत्राची चूकही सर्वांत अनुकूल असण्याचा संभव असतो.

आपल्याकडच्या परिस्थितीच्या दोन-तीन गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या मातीवर पाय रुततो आणि जमीनच जोर खाऊन टाकते. तिथली उडी खरोखर कमी असते, त्यात सेन्सरचा दोष नाही. म्हणून मोजणीची जागा वर्षभर एकच ठेवा. दाबलेल्या मुरमाचा सपाट तुकडा उत्तम, नाहीतर व्हरांड्यातला कोबा, फक्त कोब्यावर उड्या मोजक्याच घ्या. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला सेन्सर काढून लगेच बांधू नका, कारण या चिपचे शून्य तापमानाबरोबर सरकते. तो सावलीत थंड होऊ द्या आणि चालू केल्यावर काही क्षण मुलीला निश्चल उभी राहू द्या. आणि दिवाळीच्या आसपास आकडे एकदम ३-४ सेंटिमीटरने पडले, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी मुलीला विचारा की दिवसभर कापूस वेचायला गेली होतीस का. मी एकदा अर्धा तास पट्टा आवळण्यात घालवला आणि मग कळले की चारही मुली सकाळपासून शेतात वाकून होत्या.

हा सेन्सर रोज बांधावा असे एकच काम मला दिसते, ते म्हणजे उड्या मोजणे. कोणती मुलगी आठवड्यात किती उडाली हे आपल्यापैकी कुणीही नजरेने सांगू शकत नाही, आणि गुडघ्याच्या वाटीखालचे जे दुखणे व्हॉलीबॉलच्या खेळाडूंना गाठते त्याचा उड्यांच्या भाराशी जवळचा संबंध आहे. संख्या एकदम दुप्पट झाली की सराव कमी करा. तिथे ३६ की ३८ हा प्रश्नच येत नाही.

राहिली निवड. महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये जाळी २.२४ मीटरवर असते आणि चेंडूवर हात किती उंचीवर पोहोचतो हे जाळीजवळ कामाला येते, नुसती उडी नाही. एकीचा टाचा टेकवून वर केलेला हात २.१४ मीटरवर पोहोचतो आणि खडूची उडी ४० आहे, तर ती २.५४ वर जाते; दुसरीचा हात १.९५ वर पोहोचतो आणि उडी ५० आहे, तर ती २.४५ वरच राहते. सेन्सरच्या यादीत दुसरी वर येईल, जाळीवर पहिली. हे मोजायला सेन्सर लागतच नाही. जाळीच्या खांबाला एक उंच बांबू बांधा, त्याला आडवी काठी न लावता दर २ सेंटिमीटरवर बाहेर आलेल्या कापडाच्या चिंध्या बांधा, प्रत्येक पाचवी चिंधी लाल घ्या आणि मुलीला स्मॅशच्या धावेने येऊन शक्य तितकी वरची चिंधी हलवायला सांगा. कोणती चिंधी हलली हे दोघांनी दोन बाजूंनी पाहावे आणि दोघांचे एकमत झाले तरच लिहून घ्यावे. तीन संधी द्या, आणि बांबू मुलीच्या डोक्यावर येणार नाही इतका बाजूला, नीट ताणून बांधा.